चिमुकल्यांची कला आणि ‘आपले मदतनीस’

बालवाडीत ‘आपले मदतनीस’ हा विषय आला की बहुतेक ठिकाणी टपालवाला, पोलीस, डॉक्टर यांची छापील चित्रे रंगविण्यास दिली जातात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला रेषेच्या आत रंग भरणे जमत नाही. मग शिक्षिका किंवा आई त्याचा हात धरून चित्र पुरे करते आणि भिंतीवर एकसारखे वीस पोलीस झळकतात. त्यांत मुलाचे स्वतःचे काहीच नसते.

प्रक्रियाप्रधान कलेत शेवटी काय तयार झाले याला महत्त्व नसते; मूल बोटांनी, पाण्याने, रंगाने काय करून पाहते, याला असते. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साधारण दोन ते चार वर्षे हा काळ रेघोट्यांचा मानला आहे. त्या वयाच्या मुलाकडून ओळखू येईल असा टपालवाला मागणे अवाजवीच. टपालवाल्याची कृती मात्र त्याला सहज करता येते. म्हणून मदतनिसाचा चेहरा सोडून त्याच्या हातांचे काम घ्यावे.

गोव्यातील मुलाच्या चांगल्या ओळखीचा मदतनीस म्हणजे पोदेर. त्याच्या सायकलीचा भोंपू ऐकताच मूल दाराकडे धावते. उंडो, पोळी, काकण ही नावे त्याला बोलता येऊ लागण्याआधीच ठाऊक असतात. पोळीच्या कणकेचा मऊ गोळा आणि ताटलीत थोडा गव्हाचा कोंडा एवढे साहित्य पुरे. मूल गोळा चेपेल, लांबवेल, कोंड्यात लोळवेल, फाडेल आणि पुन्हा एक करील. त्याचे काकण व्हावे, असा आग्रह धरू नये. भरपूर मीठ घातलेली खेळाची कणीक टिकते खरी. पण या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते, म्हणून बिनमिठाची कणीक घेऊन खेळ संपताच टाकून द्यावी.

टपालवाल्यासाठी भेंडीचे देठाकडील तुकडे शिक्के म्हणून द्यावेत. मैद्याच्या पातळ खळीत हळद किंवा बीटाचा रस मिसळला की रंग तयार होतो. हळदीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, एवढे ध्यानात असावे. बसचालकासाठी खेळण्यातील गाडीची चाके रंगात बुडवून मोठ्या कागदावर फिरवावीत. अग्निशमन दलाच्या जवानासाठी अंगणातील फरशीवर खडूने लाल-पिवळे फराटे ओढून फवाऱ्याची बाटली हाती द्यावी. रंग ओघळून नाहीसा होताना पाहण्यातच मुलाचा सारा आनंद असतो. सफाई कामगार या विषयातून अनेकदा वगळला जातो, ते योग्य नाही. माडाच्या हिरांची छोटी, टोके बोथट केलेली जुडी रंगात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर झाडल्यासारखी फिरवली की सुरेख फराटे उमटतात.

मणी, वाटाणे, बटणे अशा घशात अडकू शकणाऱ्या वस्तू तीन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. एका वेळी एकच कृती, तीही मुलाचे मन रमेल तेवढाच वेळ. पाच मिनिटांत ते उठून गेले तरी परत बोलावू नये.

‘हे काय काढलेस?’ या प्रश्नाला लहान मुलाकडे सहसा उत्तर नसते. त्याऐवजी ‘झाडू कसा फिरवलास?’ असे विचारावे. मूल जे शब्द उच्चारील, ते कागदाच्या मागे तारखेसह लिहून ठेवावेत. पालकसभेच्या दिवशी भिंतीवर लावायचेच असेल, तर हेच कागद लावावेत, फाटलेले असले तरी.