जांभळा रंग कोणासाठी?

राजवस्त्राच्या जांभळ्या रंगाची गोष्ट आपण नेहमी राजवाड्यातून सुरू करतो. आज ती समुद्राच्या तळापासून सुरू करू या.

भूमध्य समुद्रात म्युरेक्स जातीच्या गोगलगायी राहतात. एक प्रकार उथळ, खडकाळ तळावर सापडतो. दुसरा, काटेरी शंखाचा, वाळूत नि चिखलात. गोगलगाय म्हटलं की आपल्याला पाला खाणारी आठवते. ही मात्र शिकारी आहे. शिंपल्यावर, कालवावर बसायचं, आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडून भोक पाडायचं आणि आतलं मांस खायचं!

इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या जिभेचं बळ नोंदवलं आहे. वसंतात या गोगलगायी एकत्र येऊन पोळ्यासारखं काहीतरी बनवतात, हेही त्याने लिहिलं. पण त्यातून पिल्लं निघतात हे त्याने मानलं नाही. ती चिखलातून उपजतात म्हणाला. ते पोळं म्हणजे तिची अंडी होती.

आता रंगाकडे येऊ. तिच्या एका ग्रंथीतला स्राव आधी फिकट असतो. हवा आणि उजेड लागला की हिरवट होत होत जांभळा होतो. टायर आणि सिडॉन या फिनिशियन बंदरांनी त्यावर व्यापार उभा केला. सिडॉनला फेकलेल्या शंखांची टेकडीच झाली. किती जीव लागत असतील? १९०९ साली पॉल फ्रीडलँडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायींपासून रंग काढला, तो भरला १.४ ग्रॅम! रेणू निघाला आपल्या निळीचाच भाऊ, फक्त ब्रोमिन जोडलेला. पुढे रोमन सम्राटांनी उत्तम जांभळा स्वतःपुरता राखून ठेवला.

मग गोगलगायीला हा स्राव कशासाठी? त्यात स्नायू ढिले करणारी द्रव्यं असतात, ती शिकारीत उपयोगी पडत असावीत. रंगाची मूळ द्रव्यं अंड्यांच्या कोषांतही सापडतात. ती जंतूंपासून अंड्यांना जपतात, असं संशोधक मानतात.

प्रत्येक गोष्टीचं प्रयोजन विचारावं, हे मी वर्गात ॲरिस्टॉटलच्याच आधाराने वर्षानुवर्षं शिकवलं. पण प्रयोजन कोणाचं, हा प्रश्न मी क्वचितच विचारला. सम्राटाला वाटलं, रंग आपल्यासाठी आहे. गोगलगायीच्या बाजूने पाहिलं तर तो तिच्या शिकारीचा नि पिल्लांचा मामला होता. इतिहास लिहिताना ही दुसरी बाजूही विचारात घ्यायला हवी, एवढंच मला सांगायचं होतं.