लखनौच्या ‘नवाबी’ कपाटाचे वय

जुन्या सामानाच्या बाजारात लखनौचे म्हणून पुस्तकांचे उंच कपाट आले, त्याला काचेची दारे असली आणि माथ्यावर दोन मासे कोरलेले दिसले, की विक्रेता त्याला हटकून ‘नवाबी’ म्हणतो. किमतीला हे विशेषण मानवते, इतिहासाला नाही. पुस्तके उभी लावून काचेआड ठेवण्याची ही तऱ्हा लखनौत रुळली ती मुख्यतः १८५६ मध्ये नवाबी बुडाल्यावर, आणि तिचे श्रेय दरबारापेक्षा छापखान्याला द्यायला हवे.

नवाबांकडे ग्रंथांची वाण नव्हती. अवधच्या राजाच्या संग्रहांची सूची करण्यासाठी कंपनी सरकारने १८४८ मध्ये आलोईस श्प्रेंगर या विद्वानाला लखनौला पाठवले. १८५४ मध्ये कलकत्त्याला छापलेल्या सूचीत त्याने नोंदवले आहे, की तोपखान्यातले ग्रंथ उंटावर लादायच्या चाळीसेक मोडक्या पेट्यांत आहेत आणि त्या पेट्यांत उंदरांनी बिऱ्हाडे थाटली आहेत. हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहा, असा सल्लाही तो देतो. यात साहेबी कुत्सितपणा आहेच, पण तो वजा केला तरी पेट्या उरतात. कोणी म्हणेल, तोपखाना म्हणजे अडगळ, त्यावरून सगळ्या दरबाराची परीक्षा कशी करायची? आक्षेप रास्त आहे. म्हणून पेट्या बाजूला ठेवून हस्तलिखिताची घडणच पाहावी. फारसी-अरबी ग्रंथ आडवे, एकावर एक ठेवत, त्यामुळे ग्रंथाचे नाव पुठ्ठ्याच्या पाठीवर न लिहिता पानांच्या खालच्या कडेवर लिहीत. मौल्यवान ग्रंथ कापडी जुजदानात गुंडाळून कोनाड्यात किंवा पेटीत जाई. आपल्या पोथ्या बासनात आणि पेशवे दफ्तर रुमालात बांधलेले असे, ते याच न्यायाने. जे गुंडाळूनच ठेवायचे त्याला काचेचे दार करून दाखवायचे काय?

हे गणित छापील पुस्तकाने बदलले. लखनौच्या शाही छापखान्यातून ‘हफ्त कुल्झुम’ हा फारसी कोश १८२२ मध्येच निघाला होता, पण तो राजाचा शौक होता. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला आणि उर्दू, फारसी, अरबी, हिंदी, संस्कृत पुस्तके शिळाछापावर स्वस्तात काढायला सुरुवात केली, तेव्हा कारकुनाच्या आणि मौलवीच्या घरीही पुस्तकांची संख्या वाढू लागली. या पुस्तकांना वाचक देणारे कॅनिंग कॉलेज १८६४ मध्ये निघाले, त्यांची ने-आण सोपी करणारी कानपूरची रेल्वे १८६७ मध्ये आली. एकसारख्या बांधणीची अनेक पुस्तके जमली की एकावर एक रचणे गैरसोयीचे होते, कारण तळचे काढायला सगळा ढीग उपसावा लागतो. ती उभी करावी लागतात, पाठीवरचे नाव दिसावे लागते आणि धूळ रोखावी लागते. काचेचे दार या तिन्ही गरजांतून आले.

कारागिरीही साक्ष देते. तराईचे शिसम, फळीचे कुसू खाचेत बसवून वरून ठोकलेली लाकडी खुंटी, हे सगळे नवाबीतही होते आणि नंतरही, म्हणून त्यावरून वय ठरत नाही. स्क्रूवरून अंदाज बांधता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचे टोक बोथट असे. यंत्रावर केलेले टोकदार स्क्रू त्यानंतरच सर्रास मिळू लागले. बिजागरी पुढे बदललेली असू शकते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. आतल्या, कोणी सहसा न उघडलेल्या सांध्यातला स्क्रू काढून पाहावा. लाखेच्या पॉलिशची तकाकीही फारशी मदत करत नाही, कारण ते पॉलिश पुन्हा पुन्हा चढवतात.

राहिले दोन मुद्दे. १८०० मध्ये वारलेल्या क्लॉद मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्याचा लखनौतला ग्रंथसंग्रह मोठा होता आणि इंग्रजी थाटाचा शौकीन नवाब सआदत अली खान युरोपीय सामान वापरत होता. त्यांच्या दालनांत पुस्तकांची कपाटे असतीलही, पण त्यांतून शहराची रीत पडली नाही. श्प्रेंगर आला तो सआदत अलीनंतर तीन दशकांहून अधिक काळाने, आणि तरीही त्याला पेट्याच भेटल्या. दुसरा मुद्दा माशांचा. ते अवधच्या राजघराण्याचे चिन्ह खरे, पण उत्तर प्रदेशाच्या राजमुद्रेतही ते आज आहेतच. गिऱ्हाइकाने सांगितले की सुताराने मासे कोरले. १८९० च्या वकिलालाही ते मागण्यापासून कोणी अडवले नव्हते.