खडखडीचा इतिहास: क्युबेकच्या बर्फापासून वाळूजपर्यंत

१/ इतिहास म्हटला की तख्त, तह आणि ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. आज मात्र एका आवाजाचा इतिहास पाहू. बिनगिअरची स्कूटर सिग्नलला उभी आहे, इंजिन मंद गतीने चालू आहे आणि खडखड ऐकू येते. अॅक्सिलरेटर किंचित पिळताच ती नाहीशी होते. कॅनडातील बर्फावर स्नोमोबाइल चालवणाराही नेमकी हीच तक्रार करतो. हे साम्य योगायोगाचे नाही.

२/ १९३४ च्या हिवाळ्यात क्युबेक प्रांतातील व्हालकूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए या यंत्रकाराचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नव्हते. बर्फावर चालणारे वाहन घडवण्याचा त्याचा ध्यास जुनाच होता. १९३७ मध्ये त्याची सात आसनांची गाडी आली आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही छोटी, हलकी स्नोमोबाइल.

३/ दरम्यान १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये हुब व्हान डोर्न यांनी ‘डाफ ६००’ ही मोटार ‘व्हेरिओमॅटिक’ यंत्रणेसह आणली. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये व्ही आकाराचा पट्टा, एवढाच तिचा गाभा. पुलीच्या तबकड्या शंकूसारख्या उतरत्या असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. गिअर जणू आपोआप बदलतो.

४/ स्नोमोबाइल आणि स्कूटर या दोहोंनी पुढे हेच तत्त्व स्वीकारले. स्नोमोबाइलमध्ये पुढची पुलीच क्लचचे काम करते, कारण मंद गतीत ती पट्ट्याला सैल सोडते. स्कूटरमध्ये मागे स्वतंत्र क्लच असतो. त्याचे शू वेग वाढल्यावर फाकतात आणि भोवतालच्या ड्रमला घट्ट धरतात.

५/ आपल्याकडे १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली. डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीत गिअर. त्याच वर्षी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) कायनेटिकने ‘लूना’ आणली. १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ अवतरली: ९८ सीसीचे इंजिन, बटनाने सुरू होणारे, आणि आत तोच सरकता पट्टा. ज्यांना क्लच-गिअरचा जाच वाटे, अशा असंख्य स्त्री-पुरुषांसाठी रस्ता खुला झाला.

६/ जानेवारी १९८४ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. १९८५ मध्येच या शहरात अनुरंग जैन यांनी सुट्या भागांचा उद्योग सुरू केला. पुढे ‘एन्ड्युरन्स’ या नावाने वाढलेला हा उद्योग क्लचही बनवू लागला आणि २०२० मध्ये त्याने क्लच बनवणारी ‘अॅडलर’ ही इटालियन कंपनी विकत घेतली. गाड्या जोडणारे शहर गाडीचे अंतरंग घडवू लागले.

७/ आता मूळ प्रश्न: खडखड का होते? मंद गतीत इंजिन सलग फिरत नाही. प्रत्येक स्फोटाला धक्का बसतो आणि दोन स्फोटांमध्ये वेग घटतो. टू-स्ट्रोक इंजिन तर मंद गतीत अधूनमधून हुकतेही. झिजलेल्या भागांत फट असेल, तर प्रत्येक धक्क्यासरशी ते एकमेकांवर आपटतात. अॅक्सिलरेटर पिळताच भाग एका बाजूला दाबले जातात आणि आवाज थांबतो.

८/ निदानाची रीत यातूनच निघते. चेतकसारख्या गाडीत न्यूट्रलमध्ये क्लचचा दांडा दाबावा: आवाज बदलला तर दोष क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या बाजूस, न बदलल्यास बहुधा इंजिनात. बिनगिअरच्या गाडीत हा दांडाच नाही. तेथे इंजिन बंद करून झाकण उघडावे आणि चपटे झालेले रोलर, सैल सरकपट्ट्या व झिजलेले बुश हाताने हलवून पाहावेत. चालू इंजिनाच्या उघड्या पुलीजवळ हात कधीही नेऊ नये.

९/ उपाय दोनच: धक्का कमी करणे किंवा फट कमी करणे. पहिल्यासाठी कार्ब्युरेटर व प्लग स्वच्छ करून मंद गती योग्य जुळवावी. दुसऱ्यासाठी झिजलेले भाग बदलावेत. नुसती गती वाढवून ठेवली तर आवाज लपतो, पण क्लच अर्धवट धरू लागतो आणि स्कूटर उभ्या जागी पुढे सरकू पाहते. आत वाटेल तसे ग्रीस भरले, तर ते पट्ट्यावर उडून पट्टा घसरतो.

१०/ या ज्ञानाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. जुन्या काळी क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. ड्रम उघडायचा आणि भुकटी फुंकून उडवायची, ही गॅरेजमधील साधी सवय. तीच भुकटी फुफ्फुसांत जात असे. कारखान्याची पायाभरणी तारखेनिशी सापडते; तो धुरळा श्वासात घेणाऱ्या मिस्त्रीचे नाव सापडत नाही.

११/ २०२० मध्ये चेतक परतली, पण विजेवर चालणारी. तिला क्लचच नाही. खडखडीवरून दोष ओळखणारा कान एक-दोन पिढ्यांत निरुपयोगी ठरेल, आणि तो कोणत्याही दफ्तरखान्यात जतन झालेला नाही. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर निदान दगड उरतात. कानातले ज्ञान माणसाबरोबर जाते.

१२/ म्हणून एक विनंती. तुमच्या घरी, गल्लीत किंवा गावात चेतक, लूना, कायनेटिकच्या काळातील मिस्त्री असतील तर त्यांच्याजवळ बसा. कोणता आवाज कशाचा, हे त्यांनी कसे ओळखले ते विचारा आणि त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. उद्याच्या इतिहासकाराला हे साधन लागेल. तुम्हाला समजलेले येथे खाली अवश्य लिहा.