नाव ठेवणारी माणसं

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. बारशाला आत्याबाई पहिलं काम करतात आणि पंगतीला बसल्या की दुसरं. पण ही दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून, एकाच पगारात करणारी एक जमात आहे. ती म्हणजे प्रोग्रॅमर. माझी नोकरी याच जमातीत झाली, तेव्हा हे ऐकीव नव्हे.

संगणकाला स्वतःला नावाचं सोयरसुतक नसतं. एखाद्या रकमेला तुम्ही ‘पगार’ म्हणा नाहीतर ‘क्ष’ म्हणा, बेरीज तीच येते. नाव लागतं ते माणसाला. तेसुद्धा लिहिणाऱ्यापेक्षा पाच वर्षांनी ते वाचायला बसवलेल्या दुसऱ्याच कमनशिबी जीवाला!

1957 साली आय. बी. एम.च्या जॉन बॅकस आणि मंडळींनी फोर्ट्रान भाषा काढली. तिच्यात नाव सहा अक्षरांपलीकडे जायचं नाही. कारण त्यांच्या 704 यंत्राच्या एका शब्दात 36 बिटं मावत आणि एका अक्षराला 6 लागत. साही सक छत्तीस, हिशेब चोख. शिवाय आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांकाचं आणि बाकीची दशांशवाल्या ‘रिअल’ संख्यांची, अशी रासही आधीच ठरलेली. त्यामुळे फोर्ट्रानमध्ये ‘गॉड’ हा मुळात ‘रिअल’ असतो, असा विनोद त्या मंडळींत फार चाले. आपला ‘देव’ डीने सुरू होतो, म्हणजे तोही रिअलच. ‘नास्तिक’ मात्र एनमध्ये सापडतो, त्यामुळे तो रिअल नाही. आमच्या मामी हा दाखला कीर्तनकारांना देणार होत्या.

या भाषेत नाव आधी जाहीर करायची सक्ती नव्हती आणि मधल्या मोकळ्या जागांना किंमत नव्हती. ‘डू 10 आय = 1, 10’ म्हणजे पुढचं काम दहा वेळा कर. तिथे स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, की अक्षरं एकमेकांना चिकटून ‘डू10आय’ नावाचं नवंच अपत्य जन्माला येई, त्याची किंमत 1.10! काम एकदाच होई आणि यंत्र हूं की चूं करत नसे.

1964 साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांनी बेसिक भाषा काढली. तिथे नाव म्हणजे एक अक्षर, फार तर त्याला एक आकडा. ए1, बी7, सी9. एकूण नावं 286, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी.

भाषांची स्वतःची नावंही त्यातलीच. बी नावाची भाषा होती, म्हणून पुढची सी. 1983 साली तिच्या धाकटीला ‘सी प्लस प्लस’ म्हणू लागले, म्हणजे सीमध्ये एक मिळवा. माधवरावांनंतर सवाई माधवराव झाले, तशी ही सवाई सी. युनिक्सवाल्या केन टॉम्प्सननी तर ‘क्रिएट’ या आज्ञेतलं शेवटचं ई गाळलं. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असं विचारल्यावर ते ई घालीन म्हणाले.

पुढे जागेची टंचाई संपली आणि लोकांनी सूडच उगवला. जावामध्ये इंग्रजी 92 अक्षरांचं एक नाव आहे. त्यात ‘इंटर्नलफ्रेम’ तीनदा आणि ‘टायटलपेन’ दोनदा येतं. लग्नपत्रिकेतला निमंत्रकांचा मजकूर तरी बरा.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पीएचपी भाषेत डेटाबेसकडे जाणारा मजकूर निर्धोक करायला ‘मायएसक्यूएल एस्केप स्ट्रिंग’ अशी एक सोय होती. ती जोडणीची अक्षरपद्धत पाहत नसे, म्हणून दुसरी काढली. तिचं नाव काय ठेवावं? ‘मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग’! म्हणजे ही खरी. मग पहिली कोण? नवख्या माणसाने साध्या नावावर विसंबावं आणि चोराला फट मिळावी, अशी ती सोय. शेवटी 2015 साली दोघींनाही भाषेतून एकदमच निरोप मिळाला.

एका कचेरीत पगाराचा प्रोग्रॅम माझ्यापुढे आला होता. आत टेम्प, टेम्प1, टेम्प2 आणि न्यूटेम्प अशी चार भावंडं. लिहिणारे गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेलेले. टेम्प2 म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाची कपात, हे कळायला मला तीन दिवस लागले. तिकडे पहिली तारीख जवळ येत होती आणि कुणाचा घरभाड्याचा, कुणाचा मुलाच्या फीचा हिशेब त्या टेम्प2मध्ये अडकला होता. टेम्प म्हणजे ‘तात्पुरतं’. ते तात्पुरतं अकरा वर्षं नांदत होतं.

मी त्याचं नाव बदलून ‘पीएफकपात’ ठेवलं. बेरजेत एका पैशाचा फरक पडला नाही. साहेबांनी विचारलं, “मग तीन दिवस केलंत काय?” म्हटलं, “बारसं!”