कादंबरीतून नाटकाकडे : 'शापसंभ्रमा'च्या निमित्ताने

मराठीत दीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' हे नाव रूढ झाले ते सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून. त्याच ग्रंथाच्या कथानकावर गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी 'संगीत शापसंभ्रम' रचले आणि १८९३ साली किर्लोस्कर मंडळींनी ते रंगभूमीवर आणले. देवलांचे शिक्षण बेळगावात झाले व तेथेच त्यांनी काही काळ शिक्षकाचे कामही केले; म्हणून सीमाभागातील आम्हा वाचकांना या नाटकाविषयी विशेष आपुलकी वाटते.

बाणाची कथा राजा शूद्रकाला एक पोपट सांगतो. पोपटाने ती जाबालि ऋषींच्या मुखातून ऐकलेली. आणि तिच्याही पोटात अच्छोद सरोवराकाठी महाश्वेता चंद्रापीडाला आपली कहाणी निवेदन करते. रंगभूमीला असे निवेदनाचे पदर परवडत नाहीत. तेथे पात्रांनी एकमेकांशीच बोलावे लागते.

जपमाळेचा प्रसंग पाहावा. तरुण तपस्वी पुंडरीकाच्या हातून निसटलेली माळ महाश्वेता आपल्या गळ्यात घालते. मित्र कपिंजल कानउघाडणी करतो, तेव्हा पुंडरीक लटक्या रागाने माळ परत मागतो. ती त्याच्या हाती आपला मोत्यांचा एकपदरी हार ठेवते आणि तिच्या मुखाकडे पाहत राहिलेला तो ते न जाणता हार घेतो. बाणाला त्याची ही तंद्री शब्दांनी सांगता येते. नाटकात पुंडरीकाने स्वतःच ती सांगितली, तर तंद्री उरतच नाही. मग ती दिसावी कोणाला? कपिंजलाला आणि प्रेक्षकाला. नमुन्यादाखल आम्हीच जुळविलेल्या या चार ओळी :

कपिंजल : मिळाली जपमाळ?
पुंडरीक : मिळाली.
कपिंजल : हातात काय आहे, ते एकदा पाहा तरी.
पुंडरीक : (महाश्वेतेकडेच पाहत) माझीच आहे.

कादंबरीकार जे समजावून देतो, ते नाटककाराने प्रेक्षकाच्या नजरेवर सोपवायचे असते. रूपांतराचे मर्म आमच्या मते यात आहे.

मात्र या व्यवहारात तोटाही आहे. बाणाची महाश्वेता हा प्रसंग सांगते, तेव्हा पुंडरीकाचा वियोग घडून गेलेला असतो. त्या भेटीच्या आनंदावर पुढील दुःखाची छाया आधीच पडलेली असते. रंगभूमीवर तोच प्रसंग डोळ्यांदेखत, प्रथमच घडतो. तेथे माळेची गंमत खुलते, परंतु आठवणीतील कारुण्य ओसरते. ते कारुण्य पुढील प्रवेशांतून नव्याने उभे करणे नाटककाराला भागच पडते.

म्हणूनच नाटक पाहिले म्हणजे कादंबरी वाचण्याचे कारण संपले, असे कोणी मानू नये. संस्कृत न जाणणाऱ्या रसिकांना बाणाच्या कथेचे दार देवलांनी उघडून दिले. आत जाऊन बसण्याची जागा मात्र ग्रंथालयातच आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, एवढीच वाचकांना विनंती.