परीक्षेला न येणारी पुस्तकं

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. बांधकामाचा, पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा इतिहास इतर सभासद लिहितीलच. मी आपल्या भागातल्या लेकरांच्या वाचनाबद्दल थोडं लिहितो.

नांदेड-लातूरचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी वाचून पुढं काही मिळण्यासारखं नव्हतं. तरी घरोघर श्रावणात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ वाचले जायचे. वाचणारा एक, ऐकणारे दहा. लेकरं पेंगत ऐकायची, पण गोष्टीची गोडी तिथंच लागायची. ‘तात्पर्य सांग’ असं कुणी विचारत नव्हतं.

पुढं दिवस पालटले. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीनं ‘किशोर’ मासिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेनंच लेकरांना अभ्यासाबाहेरचं वाचायला दिलं, हे मला मोठं वाटतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर घराघरातला झाला.

आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. वाचन मात्र सुटलं नाही. तेच पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांची भाषणं ऐकायला गावोगावी गर्दी व्हायची.

आज आपला भाग ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखला जातो. पोरं डॉक्टर-इंजिनिअर होतात, त्याचा अभिमान आहेच. पण आता पहिली-दुसरीतल्या लेकराच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं तरी आपण विचारतो, ‘अभ्यास झाला का?’ तेवढ्यानं पुस्तक मिटतं. मराठी वाचून काही मिळत नव्हतं, त्या काळातही टिकलेली गोडी आपल्या हातून जाऊ नये.

म्हणून सभासदांना एक विनंती. सोसायटीच्या हॉलमध्ये एक कपाट गोष्टींच्या पुस्तकांचं ठेवू. त्याला कुलूप नको. पुस्तक फाटलं तर चिकटवू. रात्री जेवणं झाली की आजी-आजोबांनी, आई-बाबांनी दहा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचावं. ‘किशोर’चे जुने अंक तर मोबाईलवरही फुकट मिळतात. लेकरानं तीच गोष्ट दहादा मागितली तर दहादा वाचा. मधेच पुस्तक सोडलं तर सोडू द्या. फक्त शेवटी प्रश्न विचारू नका.