दहा बोटांपासून सहा आकड्यांपर्यंत

बँकेचे ॲप असो, रेशन असो की शिष्यवृत्तीचा अर्ज, पहिला प्रश्न एकच असतो: तुम्ही तुम्हीच आहात कशावरून? हा प्रश्न संगणकाबरोबर आला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच देशात तयार झाला.

१८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. सही उद्या नाकारता येईल, पंजा नाकारता येणार नाही, असा हिशेब होता. म्हणजे सुरुवातच अविश्वासातून झाली.

ठसे घेणे सोपे, पण हजारोंच्या ढिगातून नेमका एक शोधायचा कसा? ही अडचण सोडवण्यात सर्वांत मोठा वाटा काझी अझीझुल हक यांचा. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काम करणारा हा गणित शिकलेला तरुण पोलीस अधिकारी. त्यांच्या वर्गवारीचे मूळ वर्गातल्या मुलालाही कळेल. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न: ठशात चक्र आहे की नाही? दहा बोटे, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणून एकूण १०२४ कप्पे. संगणकही असाच ‘आहे’ आणि ‘नाही’ यांवर चालतो; त्याच्या एका केबीत १०२४ बाइट मोजतात, ते याच गुणाकारामुळे. हकांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशाचे वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत बसवली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. जगभर पद्धतीला नाव मात्र हेन्रींचे मिळाले. हकांना खानबहादूर हा किताब मिळाला.

ओळख, साठवण आणि संदेश हे आजच्या लॉगिनचे तिन्ही भाग त्या कार्यालयात होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा दहा बोटे पुन्हा आली. फक्त कप्प्यांच्या जागी सर्व्हर होते. ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरा पुरावा रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीचा केला होता. त्यातून सहा आकड्यांचा ओटीपी घरोघरी पोचला.

डेव्हलपरचे काम इथे वाटते त्याहून नाजूक असते. क्लाउडवरचा सर्व्हर भाड्याने मिळतो, संदेश पाठवण्याची सेवाही विकत मिळते. पण संदेश पोचणे त्याच्या हातात नसते. ८ मार्च २०२१ रोजी ट्रायच्या नियमानुसार व्यावसायिक संदेश आधी नोंदवलेल्या साच्याशी ताडून पाहणे सुरू झाले. साचा जुळला नाही की संदेश अडायचा. देशभर बँकांचे आणि लसीकरण नोंदणीचे ओटीपी अडकले. प्रोग्राम बरोबर, ग्राहक खरा, तरी दार बंद! दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही तपासणी सात दिवस थांबवावी लागली.

देशाला एक दिवस जे सोसावे लागले, ते आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या घरांना नवे नाही. जाळी ओढून आणि मासळी साफ करून बोटांच्या रेषा झिजतात, यंत्राला ठसा वाचता येत नाही. खात्याला जोडलेला नंबर कुवेतला किंवा दुबईला गेलेल्या मुलाचा असतो. तो कामावर असताना ओटीपी येतो आणि त्याने पाहण्याआधी मुदत संपते. आई मात्र खिडकीपाशी उभीच.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातही, ओळख जुळली नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, ही भूमिका आहे. ती प्रोग्राममध्ये उतरली पाहिजे. ठसा नाही तर चेहरा, ओटीपी नाही तर कागद, आणि शेवटी निर्णय घेऊ शकणारा एक माणूस, अशी दुसरी वाट प्रत्येक लॉगिनला हवी.

आपल्या मुलामुलींपैकी आज कित्येक जण पुण्या-मुंबईत हेच प्रोग्राम लिहितात. त्यांना हकांचे गणित सांगावे आणि अमानत या शब्दाचा अर्थही. लोकांची ओळख आपल्याकडे अमानत आहे; ती सांभाळायची, आणि खऱ्या मालकाला दारातून परत पाठवायचे नाही.